आकाशातील चिन्हे आणि राजाचे देवपण

राजा हा देवाचा अंश असून त्याच्या थोरवीची साक्ष आकाश देते, अशी समजूत प्राचीन जगात अनेक ठिकाणी होती. इ. स. पूर्व ४४ मध्ये रोमचा सत्ताधीश ज्युलियस सीझर याचा खून झाला. त्याच वर्षी जुलैत त्याच्या सन्मानार्थ खेळ भरले असता सात दिवस धूमकेतू दिसला. सीझरचा आत्मा देवांत गेला, असे लोकांनी मानले. पुढे त्याला अधिकृतपणे देव ठरविण्यात आले. त्याचा दत्तक पुत्र ऑगस्टस स्वतःस 'देवपुत्र' म्हणवू लागला. नाण्यांवरही तो तारा आला.

बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातही पूर्वेकडील ज्ञानी लोक तारा पाहून नव्या राजाच्या शोधात निघतात. मात्र हा तारा राजवाड्यावर न थांबता सुताराघरच्या बालकावर थांबतो. पुढे ३१२ साली सम्राट कॉन्स्टन्टाइनला लढाईपूर्वी आकाशात प्रकाशाचा क्रूस दिसल्याची कथा रूढ झाली. आकाश पुन्हा सिंहासनाच्या सेवेस लागले!

या रोमन जगाशी आपल्या भागाचा व्यापार होता. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजेच ग्रीक ग्रंथातील 'तगर'. तेव्हा येथे सातवाहनांचे राज्य होते. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा शिलालेख आहे. तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याच्या युद्धात चंद्र, सूर्य, नक्षत्रे व ग्रह यांनी भाग घेतला, असे त्यात कोरले आहे. आणि ते लेणे भिक्खू संघाला दिलेले दान आहे!

तथागतांची शिकवण मात्र वेगळी आहे. ग्रहणे, उल्कापात, राजांचे जयपराजय यांची भाकिते सांगून पोट भरणे ही मिथ्या उपजीविका होय, असे दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्त सांगते. अग्गञ्ञसुत्तात तर पहिला राजा आकाशातून उतरत नाही. लोक एकत्र जमून आपल्यातील एकाला निवडतात आणि कामाच्या मोबदल्यात त्याला भाताचा वाटा देतात. म्हणून तो 'महासम्मत', म्हणजे सर्वांनी मान्य केलेला. थोडक्यात, राजा हा लोकांचा पगारी सेवक!

बुद्धचरित्रातही असित ऋषींचे भाकीत व बत्तीस लक्षणे आली आहेत, हे आपण लपवू नये. परंतु बुद्धांचे मोठेपण त्यांवर अवलंबून नाही.

विद्यार्थी मित्रांनो, राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. ग्रहणाच्या दिवशी घरात दडून न बसता ते योग्य चष्म्यातून पाहावे; आणि पुढाऱ्याला देव न मानता त्याच्याकडे हिशेब मागावा. जयभीम!