आपलाच खेळ, आपलीच लाज

ज्यांना ऑफिसच्या बसमध्ये हेडफोन सापडत नाहीत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना जे अडखळलो ते काढलंय, बाकी सगळं तसंच.

मी डब्लिनमध्ये राहतो, एका कंपनीत बॅकएंडचा कोड लिहितो. इथे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात लक्षात आलं की ऑफिसात सोमवारी सकाळी प्रीमियर लीगपेक्षा जास्त चर्चा होते ती गेलिक खेळांची. म्हणजे गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग. त्याहून गंमत म्हणजे या खेळांचे सगळ्यात मोठे चाहतेच त्यांना सगळ्यात जास्त शिव्या घालतात. आपण क्रिकेट बोर्डाला घालतो तशा नाही, घरातल्या माणसाला घालाव्यात तशा. आज त्याबद्दलच बोलायचंय: या लोकांना आपल्याच खेळाची नेमकी कशाकशाची लाज वाटते, कशाचा वैताग येतो, आणि का.

आधी दोन मिनिटं खेळ समजून घेऊ. मैदानावर दोन्हीकडे 15-15 खेळाडू. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखे. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे 3 गुण. दांडीवरून पण दोन खांबांच्या मधून गेला तर 1 गुण. (फुटबॉलमध्ये 2025पासून लांबून मारला तर 2 गुण मिळतात, पण ते आज बाजूला ठेवू.) स्कोअर लिहितात तो असा: 4-20. म्हणजे 4 गोल आणि 20 गुण, एकूण 32. हर्लिंगमध्ये हातात लाकडी काठी असते आणि लहानसा कडक चेंडू डोक्यावरून सुसाट जातो. पहिल्यांदा पाहताना पोटात गोळा येतो.

आता महत्त्वाचं. हे सगळं चालवते जीएए, म्हणजे गेलिक ॲथलेटिक असोसिएशन. 1 नोव्हेंबर 1884 रोजी थर्लस गावातल्या एका हॉटेलात स्थापना झाली, मायकेल क्यूसॅक आणि मंडळींनी केली. इथे खेळाडूला पगार नाही. रविवारी 82 हजार लोकांसमोर क्रोक पार्कमध्ये फायनल खेळणारा माणूस सोमवारी किंवा फार तर बुधवारी शाळेत शिकवायला किंवा वायरिंगच्या कामाला जातो. खेळायचं ते आपल्या गावच्या क्लबकडून आणि निवड झाली तर आपल्या काउंटीकडून. आणि नियम कोण करतं? क्लबच्या वार्षिक सभेत कुणीतरी ठराव मांडतो, तो काउंटीच्या अधिवेशनात जातो, तिथून वार्षिक काँग्रेसमध्ये, आणि तिथे प्रतिनिधी हात वर करतात.

म्हणजे थोडक्यात, हे आपलं गणपती मंडळ आहे. फक्त देशभर पसरलेलं आणि स्वतःचं स्टेडियम असलेलं. मंडळात काही वेडंवाकडं झालं की आपण "ते लोक" म्हणू शकत नाही, कारण ते लोक म्हणजे आपलाच काका आणि समोरच्या बिल्डिंगमधले जोशी. इथल्या चाहत्याची लाज अशी आहे. ती मालकाची लाज आहे.

किरकोळ वैताग पटकन सांगतो. जिंकलेल्या कॅप्टनचं भाषण: सुरुवातीला पाठ केलेलं एक आयरिश वाक्य, मग फिजिओपासून सँडविच करणाऱ्या काकूंपर्यंत सगळ्यांचे आभार, आणि शेवटी हरलेल्या संघासाठी "हिप हिप हुर्रे". हरलेले बिचारे मैदानात मान खाली घालून बसलेत आणि हे त्यांच्या नावाने तीनदा ओरडतायत. सगळ्यांना कसंतरी होतं, तरी दरवर्षी होतं. दुसरं, फायनलची तिकिटं. ती मुख्यतः क्लबांमार्फत वाटली जातात, त्यामुळे ऑगस्टपर्यंत न भेटणारे नातेवाईक जुलैमध्ये अचानक फोन करायला लागतात. तिसरं, मुलाखती. दहा वर्षं सतत जिंकणारा संघसुद्धा म्हणणार, "आम्हाला कोणी मोजतच नव्हतं."

आता माझ्या आवडीचा विषय: बग.

क्रोक पार्कमध्ये 2013 साली हॉक-आय आलं, चेंडू खांबांच्या आतून गेला की बाहेरून ते सांगायला. त्याच ऑगस्टमध्ये लिमरिक आणि गॉलवेच्या कुमार गटाच्या हर्लिंग सेमीफायनलमध्ये लिमरिकचा एक फटका मोठ्या पडद्यावरच्या चित्रात चक्क आतून गेलेला दिसत होता, आणि खाली निकाल होता: नाही. गुण दिला नाही. लिमरिक शेवटी जादा वेळेत हरलं. कारण नंतर कळलं. सिस्टिम हर्लिंगऐवजी फुटबॉलच्या सेटिंगवर होती. अरे, कॉन्फिग फाइल! प्रॉडक्शनवर टेस्टचा डेटाबेस लावून ठेवणाऱ्या प्रत्येक भावंडाला इथे घाम फुटला असेल. आणि ती मुलं 18 वर्षांखालची होती, पुढच्या वर्षी त्यातल्या बऱ्याच जणांना तो गट बंद.

बरं, शिकले का? 2022च्या फुटबॉल सेमीफायनलमध्ये गॉलवेचा एक गुण हॉक-आयने नाकारला आणि मध्यंतरात परत दिला. आणि जुलै 2025मध्ये तर कमाल झाली. किलकेनी विरुद्ध टिपररी, हर्लिंगची सेमीफायनल. शेवटच्या मिनिटांत स्कोअरबोर्डवर टिपररीच्या नावावर एक गुण जास्त लागला. खरा फरक 2 गुणांचा, बोर्डावर 3चा. तुम्ही म्हणाल एका गुणाने काय होतं? 2चा फरक असेल तर दांडीवरून दोन सोपे गुण घ्यायचे आणि बरोबरी साधायची. 3चा असेल तर गोलच हवा, म्हणजे गर्दीत घुसून जोखीम घ्यायची. किलकेनी गोलच्या मागे लागलं. मिळाला नाही. सामना संपल्यावर अधिकृत स्कोअर दुरुस्त झाला: 4-20 विरुद्ध 0-30, म्हणजे 32-30. चूक मानवी होती असं जीएएने सांगितलं. टिपररी पुढे त्या वर्षीचा चॅम्पियन झाला. 82 हजारांच्या स्टेडियममध्ये, जिथे पोरगं पेन्सिलने कागदावर स्कोअर मांडत बसतं, तिथे बोर्डावरची बेरीज चुकली. माझा टिपररीचा एक सहकारी त्या सोमवारी जिंकूनही गप्प होता.

पण हे सगळं मशीनचं. माणसांचं जास्त दुखतं.

अनेक दशकं जीएएचा एक नियम होता: सदस्याने "परके" खेळ, म्हणजे सॉकर, रग्बी, क्रिकेट, खेळायचे नाहीत आणि बघायचेही नाहीत. त्यासाठी पाळत ठेवणाऱ्या समित्या असायच्या. सॉकरच्या मैदानात जाऊन आपलं कोण बसलंय ते टिपून ठेवायचं. 1938 साली देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड आयर्लंड-पोलंड सॉकर सामन्याला गेले. राष्ट्राध्यक्ष म्हणून जाणारच ना? जीएएने त्यांना आपल्या आश्रयदाते पदावरून काढून टाकलं. आयरिश भाषा वाचवण्यासाठी आयुष्य घातलेला माणूस! 1963मध्ये वॉटरफर्डचा हर्लर टॉम चीस्टी निलंबित झाला, कारण तो एका सॉकर क्लबने ठेवलेल्या नाचाच्या कार्यक्रमाला गेला होता. नाचायला. ही बंदी 1971मध्ये उठली.

याला "मागासलेपणा" म्हणून झटकून टाकणं सोपं आहे, पण ते अर्धवट होईल. 21 नोव्हेंबर 1920 रोजी याच क्रोक पार्कमध्ये सामना चालू असताना ब्रिटिश सरकारच्या सशस्त्र दलांनी गोळीबार केला. 14 जण गेले, त्यात टिपररीचा खेळाडू मायकेल होगन. आजही तिथल्या एका स्टँडला त्याचं नाव आहे. ज्या संस्थेच्या मैदानात असं झालं, ती इंग्रजांच्या खेळांबद्दल ताठर राहिली यात नवल नाही. म्हणून 2005मध्ये काँग्रेसने 227 विरुद्ध 97 मतांनी क्रोक पार्क रग्बी आणि सॉकरसाठी तात्पुरतं उघडलं, तेव्हा ते साधं मतदान नव्हतं. 2007मध्ये तिथे इंग्लंडचा रग्बी संघ आला, त्यांचं राष्ट्रगीत वाजलं, प्रेक्षक शांत उभे राहिले, आणि मग आयर्लंडने त्यांना 43-13 धुतलं. त्या दिवसाबद्दल बोलताना इथल्या लोकांचे डोळे अजून भरतात.

आणि एवढं करून 2018मध्ये पुन्हा तेच. कॉर्कचा सॉकरपटू लियाम मिलर, मँचेस्टर युनायटेडकडून खेळलेला, 36व्या वर्षी कॅन्सरने गेला. त्याच्या कुटुंबासाठी मदत सामना ठरला. लोक म्हणाले, कॉर्कमधलं जीएएचं मोठं मैदान, पार्क ई क्वीव, द्या. जीएए म्हणालं, नियमात बसत नाही. हे मैदान नव्याने बांधताना सरकारने 3 कोटी युरो दिले होते, म्हणजे जनतेचे. देशभर संताप उसळला आणि मग त्याच नियमातून वाट निघाली. 25 सप्टेंबरला सामना झाला, स्टेडियम भरलं. जे आधी शक्य नव्हतं ते काही दिवसांत शक्य झालं, आणि नेमकं हेच चाहत्यांना टोचलं. दिलदारी दाखवायची संधी होती, ती ओरडा झाल्यावर दाखवली.

पैशाचं बोलू. खेळाडूला पगार नाही, मॅनेजरलाही नाही, फक्त खर्च. हे कागदावर. 2012मध्ये जीएएचे तेव्हाचे महासंचालक पॉरिक डफी यांनीच एक चर्चापत्र काढून मान्य केलं की मॅनेजरांना टेबलाखालून पैसे जातात. अख्ख्या गावाला माहीत असतं आणि सभेत कोणी बोलत नाही. हाउसिंग सोसायटीच्या सभेला गेलेल्यांना वेगळं समजावायला नको. दुसरीकडे 2023मध्ये हर्लिंगचे चांगले सामने जीएएगो या पैसे भरायच्या स्ट्रीमिंगवर गेले, ज्यात सरकारी प्रसारक आरटीईची भागीदारी होती. टीव्हीचा परवाना भरणारे आजोबा विचारत होते, मी दोनदा पैसे का देऊ? उपपंतप्रधान मायकल मार्टिन यांनीही टीका केली. आता ते पूर्ण जीएएचं झालंय, नाव जीएए प्लस. मला स्वतःला ॲपचे पैसे द्यायला हरकत नाही, पण हर्लिंग टिकलंय ते लहान मुलाने आजोबांच्या शेजारी बसून फुकट बघितल्यामुळे, हे विसरून चालणार नाही.

आणि रेफरी. 2022च्या सप्टेंबरमध्ये रॉसकॉमन काउंटीत अल्पवयीन मुलांच्या सामन्यात रेफरीवर हल्ला झाला. मुलांच्या सामन्यात! त्यानंतरच्या वीकेंडचे सामने थांबवावे लागले. हा असा विषय आहे जिथे माझे आयरिश मित्र विनोद करत नाहीत.

सगळ्यात शेवटी स्कॉर्ट. कमोगी म्हणजे बायकांचं हर्लिंग, त्यांची संघटना वेगळी, 1904पासूनची. नियम असा की स्कर्ट किंवा स्कॉर्टच घालायचा. स्कॉर्ट म्हणजे वरून स्कर्ट, आतून शॉर्ट्स. सराव सगळ्या शॉर्ट्समध्ये करायच्या, सामन्याच्या दिवशी मात्र हे. खेळाडू सांगत होत्या की अवघडल्यासारखं होतं, पाळीच्या दिवसांत तर सतत चिंता, फोटो कसे येतील याचीही. 2024च्या काँग्रेसमध्ये बदलाचे ठराव पडले, आणि पडलेला ठराव तीन वर्षं परत आणता येत नाही असा दंडक. मग 3 मे 2025 रोजी डब्लिन आणि किलकेनीच्या मुली लाइन्स्टरच्या सेमीफायनलला शॉर्ट्स घालून मैदानात उतरल्या. दोन्ही संघ, ठरवून. त्यांना सांगण्यात आलं: बदला, नाहीतर सामना रद्द. प्रौढ बायका, कोणी डॉक्टर, कोणी इंजिनियर, आत जाऊन कपडे बदलून आल्या. तो फोटो जगभर फिरला. पुढच्या आठवड्यात कॉर्क-वॉटरफर्डची मन्स्टर फायनल आदल्या दिवशी पुढे ढकलली गेली. 22 मेला विशेष काँग्रेस बोलावली, 98 टक्के मतं बदलाच्या बाजूने पडली, आणि मध्यरात्रीपासून नियम लागू. वर्षभरापूर्वी नाही म्हणणारी तीच संघटना, तीच पद्धत.

इथे माझं मत सांगतो, पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा. लोकशाही होती, ठराव होते, मतदान होतं, सगळं रीतसर होतं. फक्त सभेत हात वर करणारे आणि मैदानात स्कॉर्ट घालणाऱ्या यांच्यात फार अंतर पडलं होतं. सिस्टिम चालू होती, फीडबॅकची वायर तुटली होती. मुलींनी ती सगळ्यांच्या समोर, टीव्हीवर जोडून दाखवली.

पुरुषांची जीएए, बायकांचं गेलिक फुटबॉल आणि कमोगी या तीन वेगळ्या संघटना आहेत. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांच्या अध्यक्षतेखाली त्या एक करायचं काम चाललं, आणि त्यासाठी 2027चं लक्ष्य ठेवलं गेलं. मैदान कोणाला आधी मिळणार, मुलींच्या संघाला सामन्यानंतर जेवण आणि येण्याजाण्याचा खर्च मुलांइतकाच मिळणार का, हे प्रश्न त्यात आहेत. माझ्या ऑफिसातली एक मुलगी क्लबसाठी कमोगी खेळते. तिला विचारलं, यातलं तुला आधी काय हवं? म्हणाली, मुलांचा सराव संपेपर्यंत पार्किंगमध्ये थांबावं लागू नये, एवढं आधी करा.