नवख्यावर धावून जाणारें कुत्रें
(नभोवाणीवरील भाषण)



दाराची घंटा वाजली कीं, घरांतील आठ-दहा महिन्यांचें कुत्रें वाऱ्यासारखें दाराकडे झेपावतें, कानठळ्या बसतील असें भुंकतें, आणि दार किलकिलें होतांच बाहेरच्या मनुष्याच्या अंगावर धावून जातें. घरचीं माणसें "अहो, तो कांहीं करीत नाहीं!" असें म्हणतात, मनांतून मात्र त्यांना थोडा अभिमानच वाटत असतो. आमच्याही घरीं असेंच होतें. वरच्या मजल्यावरील एक आठ वर्षांची मुलगी आमच्या कुत्र्याच्या भयानें जिन्यावरून पळतां पळतां पडली व तिचा हात मोडला, तेव्हां तो अभिमान उतरला.

लहान वयाचें कुत्रें अनोळखी माणसावर धावून जातें, तें बहुधा शौर्यानें नव्हे, भीतीनें. नीट पाहिल्यास दिसेल कीं, तें दोन पावलें पुढें येतें आणि एक पाऊल मागें सरतें. कान मागें पडलेले असतात, अंगाचा भार मागील पायांवर असतो. शेपूट हलत असलें तरी तें स्नेहाचेंच लक्षण समजूं नये.

ही भीति येते कोठून? स्कॉट व फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं बार हार्बर येथें पिलें वाढवून अनेक वर्षें प्रयोग केले. त्यांचा ग्रंथ १९६५ सालीं प्रसिद्ध झाला. सुमारें तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिलाचें मन नव्या ओळखींस विशेष मोकळें असतें, असें त्यांना आढळलें. या काळांत जें भेटलें तें आपलें. जें भेटलें नाहीं तें पुढें संशयास्पद. शहरांतील पिलें लसी पूर्ण होईपर्यंत चार भिंतींआड राहतात व नेमका हाच काळ हातचा जातो. वास्तविक पिलास कडेवर घेऊन रस्ता, छत्र्या, दाढीवाले, काठी टेकणारे वृद्ध हें सर्व दाखवितां येतें. आम्हीं तें केलें नाहीं.

दुसरें कारण टपालवाला! तो येतो, कुत्रें भुंकतें, तो पत्र टाकून निघून जातो. तो आपल्या कामानें जातो. पण कुत्र्याच्या हिशेबीं तो भुंकण्यामुळेंच गेलेला असतो. असा विजय रोज मिळाल्यावर संवय जडणारच. म्हणून पहिला उपाय म्हणजे हे विजय बंद करणें. घंटा वाजली कीं कुत्र्यास आंतल्या खोलींत न्यावें, किंवा दारापासून दूर बांधावें, आणि मगच दार उघडावें. यांत शिक्षण नाहीं हें खरें, परंतु जिन्यावरील मुलें सुरक्षित राहतात.

मारूं मात्र नये. पावलोव्हच्या कुत्र्यांस घंटेनंतर अन्न मिळे, म्हणून घंटेनेंच लाळ सुटे. आपल्या कुत्र्यास पाहुण्यामागून छडी मिळाली, तर पाहुणा म्हणजे वेदना हेंच तें शिकेल. गुरगुरण्याबद्दल शिक्षा करणें तर अधिकच धोक्याचें. गुरगुरणें ही सूचना आहे; ती दडपली कीं कुत्रें सूचना न देतां चावूं लागतें. "भुंकणारा कुत्रा चावत नाहीं" या म्हणीवर तर कोणीं विसंबूंच नये.

खरा उपाय अंतराचा आहे. पट्टा घालून कुत्र्यास अशा ठिकाणीं न्यावें कीं, जेथें अनोळखी माणूस दिसतो, पण इतका दूर कीं कुत्रें भुंकत नाहीं. माणूस दिसतांच उकडलेल्या मांसाचा किंवा पनीराचा लहानसा तुकडा द्यावा. माणूस दिसेनासा झाला कीं खाऊ बंद. क्रम उलटूं नये : आधीं माणूस, मग खाऊ. कुत्रें आपण होऊन मालकाच्या तोंडाकडे पाहूं लागलें कीं अंतर थोडें कमी करावें. भुंकलें तर आपलेंच चुकलें असें समजून मागें सरावें. पाहुण्याच्या हातून खाऊ देण्याची घाई नको, कारण लोभानें जवळ गेलेलें भित्रें कुत्रें खाऊ संपतांच भानावर येऊन चावूं शकतें. पाहुण्यांनीं त्याच्याकडे रोखून पाहूं नये, डोक्यावरून हात फिरवूं नये. सरळ दुर्लक्ष करावें.

शांत असलेलें कुत्रें एकाएकीं असें वागूं लागल्यास आधीं पशुवैद्याकडे न्यावें. दुखण्यानेंही स्वभाव बदलतो. रेबीजची लस चुकवूं नये. कोणास दांत लागलाच तर जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुऊन त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. कायद्याचेंही भान असावें : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमान्वयें, आपल्या ताब्यांतील प्राण्याबाबत हयगय करणारा शिक्षेस पात्र ठरतो.

या सर्वांस महिने लागतात. आमचें कुत्रें आतां घंटा वाजली कीं आपल्या सतरंजीवर जाऊन बसतें व खाऊची वाट पाहतें. तरीही दार उघडण्यापूर्वीं त्यास बांधण्याची संवय आम्हीं सोडलेली नाहीं. ती मुलगी अजून आमच्या मजल्यावरून उतरतांना कठडा घट्ट धरते.