वीस तुकड्यांचे अंतराळ

जोडायचे प्लास्टिकचे ठोकळे बनवणाऱ्या लेगो या डॅनिश कंपनीची अंतराळमालिका १९७८-७९ मध्ये बाजारात आली. तिचा मुकुटमणी म्हणजे 'गॅलेक्सी एक्स्प्लोरर' हे यान. निळा-करडा रंग, पिवळी पारदर्शक काच, मागची दारे उघडली की पोटात एक छोटी गाडी. सगळे मिळून ३३८ तुकडे. त्याच मालिकेच्या दुसऱ्या टोकाला 'स्पेस स्कूटर' आणि पुढे १९८१ मध्ये आलेली 'मून बग्गी' यांसारखे तळहातावर मावणारे संच होते. एक अंतराळवीर, चार चाके किंवा एखादे इंजिन, एक अँटेना. वीस-पंचवीस तुकड्यांत खेळ पूर्ण. युरोप-अमेरिकेतल्या मुलाला खाऊचे पैसे साठवून घेता येईल एवढीच त्यांची किंमत असे.

आज ती मुले पन्नाशीच्या आसपास आहेत. लेगोचे जुने संच जमवणाऱ्यांच्या जगात मोठ्या यानाला मान आहे, पण जीव अडकलेला असतो तो या छोट्या संचांत. मला त्याचे कारण साधे वाटते. मोठे यान कुणीतरी वाढदिवसाला दिलेले असते, किंवा ते शेजारच्या घरी असते. छोटी बग्गी आपली आपण विकत घेतलेली असते. ती पाच मिनिटांत जोडून होते, म्हणून सहाव्या मिनिटाला मोडता येते, आणि मोडल्यावर तिचे काय करायचे हे सांगायला कुणी नसते.

या संचांची रचना बारकाईने पाहावी अशी आहे. येन्स न्यूगोर क्नुडसेन या डॅनिश रचनाकाराचा या मालिकेत मोठा वाटा. हातपाय हलवणारी लेगोची छोटी माणसेही त्याचीच, तीही १९७८ मधलीच. पहिले अंतराळवीर लाल आणि पांढरे होते, मग पिवळा आला, १९८४ मध्ये निळा आणि काळा. सगळ्यांच्या छातीवर एकच चिन्ह, सोनेरी ग्रहाला वळसा घालून जाणारे लालसर यान. देश कोणताच नाही. शत्रूही नाही. खलनायक आणि पोलीस पुढच्या दशकात आले, पण सुरुवातीच्या वर्षांत या माणसांना फक्त खोदायचे, मोजायचे, संदेश पाठवायचे आणि हिंडायचे होते. एका तिरक्या ठोकळ्यावर संगणकाचा पडदा छापलेला असे, तेवढ्यावर नियंत्रणकक्ष उभा राही. हातात धरायचा कर्णा उलटा लावला की ते इंजिन होई. जोडणीच्या कागदावर शब्द नसत, फक्त चित्रे. खोक्याच्या मागच्या बाजूला याच तुकड्यांतून होणाऱ्या आणखी काही वस्तूंचे फोटो असत, पण त्या कशा जोडायच्या हे दिलेले नसे. फोटो पाहून मुलाने स्वतः शोधून काढायचे. खेळण्याच्या रचनेतला इतका चांगला विचार मला क्वचितच दिसला आहे.

या वस्तूंची दुखणीही जमवणाऱ्यांना तोंडपाठ आहेत. शिरस्त्राणाचा हनुवटीखालचा पट्टा पातळ होता, तो हटकून तडकायचा. २०१४ च्या लेगो चित्रपटातल्या निळ्या अंतराळवीराचे शिरस्त्राण मुद्दाम तसेच तडकलेले दाखवले आहे. छातीवरचे सोनेरी चिन्ह बोटांनी घासून जाते. पांढरे, करडे आणि निळे ठोकळे उन्हाने पिवळट पडतात, मग हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून प्रकाशात ठेवून त्यांचा रंग परत आणण्याचे प्रयोग चालतात. पण ठोकळ्याची पकड टिकते. आजचे ठोकळे १९५८ साली पेटंट घेतलेल्या ठोकळ्यावरही बसतात, कारण साच्यांची अचूकता मिलिमीटरच्या काही सहस्रांशांत सांभाळली जाते. २००० साली सुरू झालेल्या 'ब्रिकलिंक' या बाजारपेठेत प्रत्येक संचातला प्रत्येक तुकडा क्रमांकासह नोंदलेला आहे. हरवलेली एकच अँटेना मागवता येते. २०२२ मध्ये कंपनीने 'गॅलेक्सी एक्स्प्लोरर' नव्याने काढले, या वेळी १,२५४ तुकड्यांचे. ज्यांना लहानपणी ते घेता आले नव्हते, त्यांच्यासाठीच जणू ते मोठे केले होते.

हे सगळे मी बदनापुरात बसून लिहितो आहे. जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या मधला हा तालुका बाहेरच्यांना माहीत आहे तो तुरीच्या वाणांमुळे. इथल्या कृषी संशोधन केंद्राच्या 'बीडीएन ७११' आणि 'बीडीएन ७१६' या वाणांनी मराठवाड्यातली कितीतरी शिवारे व्यापली आहेत. इथे १९८० च्या दशकात लेगोचे अंतराळ आले नाही. येण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे बऱ्याच ग्राहकवस्तूंच्या आयातीवर बंधने होती, त्यातली शेवटची २००१ मध्ये उठली. नंतरही परदेशी खेळणी स्वस्त झाली नाहीत. खेळण्यांवरचे आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के.

अंतराळ मात्र आले होते. ते पुस्तकांतून आले. जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला बक्षीस मिळाले. पुढे 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' ही पुस्तके जिल्ह्यातल्या वाचनालयांपर्यंत पोचली. १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा सोयुझ यानातून वर गेले. १९८९ मध्ये दूरदर्शनवर 'स्पेस सिटी सिग्मा' सुरू झाली. ज्याच्या घरी टीव्ही होता त्याच्या ओट्यावर गल्ली जमायची. आणि चंद्रासारखी जमीन तर इथून जवळच होती. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे, उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात झालेले. चंद्रावरची कितीतरी विवरेही बेसॉल्टमध्येच आहेत, म्हणून जगभरचे अभ्यासक लोणारला येतात. डेन्मार्कमधल्या मुलांना विवरे असलेली करडी प्लास्टिकची पाटी १९७९ पासून वेगळी विकत मिळत असे. आमच्याकडची शाळेच्या सहलीत पायाखाली असायची.

मग जोडायला काय होते? मुंबईच्या झेफिर टॉयमेकर्सचा 'मेकॅनिक्स' होता. भोकांच्या लोखंडी पट्ट्या, नट-बोल्ट, छोटा पाना. ही लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये पेटंट घेतलेल्या 'मेकॅनो'ची परंपरा. जालन्याच्या दुकानात काचेमागे त्याचे खोके दिसे, पण ते ज्यांच्या घरी आले ती घरे थोडी. बाकीच्यांसाठी जत्रा होती. सोमठाण्याच्या रेणुकामातेच्या नवरात्रातल्या यात्रेत पाळणे, बांगड्या आणि रेवड्यांच्या पालांमध्ये खेळण्यांची पाले असतात. तिथे पातळ पॉलिथिनच्या पिशवीत मऊ प्लास्टिकचे रंगीत ठोकळे मिळत, वर पिन मारलेला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर रॉकेटचे किंवा रोबोचे चित्र. चित्रातले रॉकेट आतल्या ठोकळ्यांतून कधीच होत नसे. ठोकळे एकमेकांवर सैल बसत, उंच केले की झुकत. तरी त्या पुठ्ठ्यावरच्या चित्राने पोरांना पाहिजे ते दिले होते. आईला "एवढंच घे ना" म्हणून हट्ट धरण्याजोगी त्याची किंमत होती, आणि आईलाही ती परवडे.

या सगळ्यांपेक्षा स्वस्त, आणि माझ्या मते सर्वांत देखणी जोडणी मात्र दुकानात नव्हतीच. अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरचे अभियंते, पुण्याला टेल्कोत नोकरीला. १९७८ मध्ये त्यांनी रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम केले. तिथे त्यांना सायकलच्या वालट्यूबमध्ये आगकाडी घट्ट बसते हे सापडले. ट्यूबचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे, गुल काढून टाकलेल्या आगकाड्या, आणि भोक पाडायला बाभळीचा लांब काटा. एका तुकड्याला काट्याने आरपार भोसकून दुसरा त्यात ओवला की तीन-चार काड्यांचा सांधा तयार. चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. हे समजायला फळा लागत नाही, बोट लागते. सहा काड्यांचा चतुष्फलक होतो. पाच काड्यांचे बारा सांधे केले की वीस त्रिकोणांचा गोल आकार होतो, आणि तो हातात धरला की कुठल्याही पोराला उपग्रहच आठवतो. आर्यभट १९७५ मध्ये वर गेला होता, त्याचे अनेक बाजूंचे चित्र दोन रुपयांच्या नोटेवर घराघरांत होते.

अरविंद गुप्ता पुढे पुण्याच्या आयुकात आले. नारळीकरांनी उभी केलेली ही खगोलविज्ञान संस्था १९८८ मधली. पु. ल. देशपांडे यांच्या नावाने मिळालेल्या देणगीतून तिथे 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' झाली, आणि अकरा-एक वर्षे गुप्ता व त्यांचे सहकारी तिथे मुलांबरोबर कचऱ्यातून खेळणी करत राहिले. विज्ञानकथा लिहिणारा मराठी माणूस आणि वालट्यूबचे सांधे करणारा अभियंता एका आवारात आले, हा योगायोग मला आपल्या खेळण्यांच्या इतिहासातला फार मोलाचा वाटतो. २०१८ मध्ये गुप्तांना पद्मश्री मिळाली.

छोट्या, जोडायच्या खेळण्याचा आजचा मराठी पत्ता मात्र बारामती आहे. फेरेरो या इटालियन कंपनीचा कारखाना तिथे आहे आणि 'किंडर जॉय' तिथूनच निघते. अंड्याच्या एका अर्ध्यात खाऊ, दुसऱ्या अर्ध्यात चार-पाच तुकड्यांचे खेळणे आणि शब्द नसलेला चित्रांचा कागद. युरोपात या कंपनीची अंड्यातली खेळणी १९७४ पासून आहेत, आणि तिथे त्यांच्या कागदांसकट वर्षवार संग्रह करणारे लोक आहेत. बदनापूरच्या बसस्टँडजवळच्या किराणा दुकानातही आज ते अंडे लटकलेले दिसते. यान, रोबो, फिरणारी चकती, काहीही निघते. संध्याकाळपर्यंत त्याचे तुकडे दिवाणाखाली गेलेले असतात आणि कागद केरात.

इथेच मला बोचते. डेन्मार्कच्या बग्गीचा प्रत्येक तुकडा नोंदलेला आहे. आपल्या पिशवीतल्या ठोकळ्यांची कुठेही नोंद नाही. ते कुठे बनले, साचा कुणाचा, पुठ्ठ्यावरचे रॉकेट कुणी काढले, किती वर्षे विकले गेले, काहीच लिहिलेले नाही. आपल्याकडे बनलेले खेळणे जपण्यालायक नसते असेही नाही. फनस्कूल कंपनी १९८७ मध्ये सुरू झाली, गोव्याला कोर्लीमला तिचा कारखाना. तिथे जी. आय. जो या अमेरिकी मालिकेतले शिपाई भारतीय बाजारासाठी बनत. रंग मूळ आवृत्तीहून वेगळे, काही अगदीच अनपेक्षित. आपण ते खेळून टाकून दिले. परदेशी संग्राहकांनी मात्र त्या रंगांच्या याद्या केल्या आणि शोधून शोधून ते विकत घेतले. गोव्यात बनलेल्या खेळण्याचा इतिहास आज ओहायोतल्या कपाटात जास्त नीट सापडेल.

चांद्रयान-३ ने २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ पाय टेकवला. इस्रोने नोंदणीकृत व्यावसायिकांना आपल्या यानांच्या प्रतिकृती काढायला परवानगी दिलेली आहे. अशा संचांत मला पंचवीस तुकड्यांचे 'प्रज्ञान', म्हणजे त्या यानातली छोटी गाडी, हवे आहे: सहा चाके, एक सौरपाटी, दोन कॅमेरे, आणि खाली लोणारच्या आकाराची करडी पाटी. किंमत यात्रेतल्या पोराच्या मुठीत मावेल एवढी. शोकेसमध्ये ठेवायच्या महागड्या प्रतिकृती भेट म्हणून चांगल्या असतात, पण त्यांना मूल हात लावत नाही.

तोवर जे उरले आहे ते सांभाळायचे काम आहे. दिवाळीची साफसफाई उरकली असली तरी माळ्यावरचा एखादा डबा राहिलेला असतोच. त्यात मऊ ठोकळे, गंजलेल्या पट्ट्या, एका हाताचा रोबो निघाला तर लगेच भंगारवाल्याला देऊ नका. कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, उकळते पाणी नको. सावलीत वाळवा. उन्हात ठेवू नका आणि रबरबँड लावू नका, रबर वितळून प्लास्टिकला चिकटते. पुठ्ठ्याचा तुकडा किंवा जोडणीचा कागद असेल तर तो ठोकळ्यांहून मोलाचा समजा, कारण बनवणाऱ्याचे नाव, गाव आणि छापील किंमत असलीच तर त्याच्यावरच असते. त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. कुठल्या यात्रेत, कुठल्या साली, कुणी घेऊन दिले, हे घरातल्या मोठ्यांना विचारून चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी त्याच डब्यात ठेवा.