जुन्या फियाटचे हेडलाईट मिणमिणतात? बॅटरी बदलण्याआधी 50 वर्षांची वायरिंग तपासा

30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 ची होती आणि मुंबईत टॅक्सीचं वय 20 वर्षांपेक्षा जास्त चालत नाही. सोशल मीडियावर त्या दिवशी लोकांनी भरभरून फोटो टाकले.

पण टॅक्सी गेली म्हणजे पद्मिनी संपली असं नाही. 1964 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात आधी फियाट 1100 डिलाईट म्हणून आणि 1974 पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून बनलेली ही गाडी महाराष्ट्रातल्या कितीतरी वाड्यांमध्ये, गोठ्यांमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. महिंद्राच्या जुन्या जीपचंही तसंच.

आता आपण जाऊया वाशीम जिल्ह्यात, शिरपूर जैनला. तालुका मालेगाव, पण नाशिकवालं नाही, वाशीमवालं. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे हे गाव देशभर माहीत आहे. समजा, अशा गावात आजोबांची फियाट 10-12 वर्षं सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी आहे आणि नातवानं ठरवलं की यंदा ती चालू करायची. नवी बॅटरी आणली, पेट्रोल टाकलं, गाडी चालूही झाली. पण हेडलाईट मिणमिणतात, हॉर्न वाजवला की दिवे अजून मंद होतात आणि डॅशबोर्डखालून जळका वास येतो.

इथेच बहुतेकजण चुकतात. ते अजून मोठी बॅटरी घेतात. खरा आजार असतो वायरिंगचा आणि तो गाडी पेटवूही शकतो.

वायर म्हातारी होते म्हणजे काय होतं?

खूप जुन्या गाड्यांत तारेवर रबर आणि त्यावर सुती विणकाम असायचं. पुढे पीव्हीसी आलं. इंजिनची उष्णता आणि ऑईल यांनी दोन्ही कडक होतात, मग भेगा पडतात. विदर्भात उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो आणि बंद पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारूच नका. त्यानंतर पावसाळ्याची ओल आत शिरते आणि तांबं हिरवं-काळं पडतं.

आणि तिसरा शत्रू म्हणजे उंदीर. धान्याशेजारी उभी गाडी म्हणजे उंदरांसाठी तयार घर. एका ठिकाणी कुरतडलेली तार बॉडीला टेकली की शॉर्ट.

दिवे मंद का होतात?

यासाठी थोडंसं गणित. जुन्या गंजलेल्या जोडात फक्त 0.3 ओहमचा अडथळा आहे असं धरा. त्यातून 5 अँपियर करंट गेला की 1.5 व्होल्ट तिथेच हरवतात. दिव्याला 12 ऐवजी 10.5 व्होल्ट मिळतात आणि साध्या फिलामेंटच्या दिव्याचा प्रकाश जवळपास एक तृतीयांशाने कमी होतो. हरवलेली ऊर्जा कुठे जाते? त्या जोडावर साडेसात वॅट उष्णता म्हणून. तो जळका वास याचाच.

जुन्या 6 व्होल्टच्या जीपमध्ये हा त्रास दुप्पट. तेवढ्याच उजेडाला दुप्पट करंट लागतो, म्हणून तिथे तारही जाड लागते.

दोष शोधायचा कसा?

एक साधा मल्टीमीटर आणि एक टेस्ट लॅम्प, बस्स.

पहिली गोष्ट लक्षात ठेवा: दिवा बंद ठेवून व्होल्टेज मोजू नका. करंट वाहत नसेल तर एका केसाएवढ्या तारेतूनही मीटर पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो आणि आपण म्हणतो "वायर तर ठीक आहे". त्यामुळे दिवा चालू ठेवूनच तपासायचं.

1. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी हेडलाईटच्या प्लसवर. जे व्होल्ट दिसतील ते वाटेत हरवलेले.
2. आता एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी दिव्याच्या अर्थवर. इथेही तेच.
3. दोन्हीकडे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर त्या वाटेवर जोड-जोड करत पुढे सरका. जिथे आकडा एकदम उडी मारतो, तिथेच दोष.

(इंग्लंडमध्ये डिझाईन झालेल्या त्या काळातल्या अनेक गाड्यांत बॉडीला मायनस नाही, प्लस जोडलेला असतो. बॅटरी लावण्याआधी हे नक्की बघा.)

बहुतेक वेळा चोर निघतो तो अर्थ. इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये एक जाड विणलेली अर्थपट्टी असते. ती तुटली की सेल्फचा प्रचंड करंट दुसरी वाट शोधतो, कधी चोकच्या केबलमधून, कधी ॲक्सिलरेटरच्या. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली, तर अर्थपट्टी आधी बदला.

रात्रभरात बॅटरी उतरते? सगळं बंद करा, बॅटरीची अर्थ केबल काढा आणि केबल व टर्मिनलच्या मध्ये टेस्ट लॅम्प लावा. दिवा पेटला तर कुठेतरी गळती आहे. एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला दिवा विझेल, ती लाईन दोषी. सगळे फ्यूज काढूनही विझला नाही, तर फ्यूज नसलेल्या लाईनमध्ये बघा. जुन्या गाड्यांत अशा लाईन बऱ्याच असतात.

आणि एक गैरसमज. डायनामो असलेल्या गाडीत इंजिन हळू फिरत असताना चार्जिंग जवळपास होत नाही. तेव्हा ॲमीटरचा काटा मायनसकडे गेला, तर तो बिघाड नाही. रेस दिल्यावरही काटा वर येत नसेल, तर मग डायनामो, कटआउट आणि रेग्युलेटर तपासा.

फ्यूजची जीवघेणी चूक

फ्यूज उडाला की सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची, ही जुनी "ट्रिक" अनेक गाड्यांच्या मुळावर आली आहे. फ्यूजचं काम स्वतः जळून तारेला वाचवणं. चांदी लावली की फ्यूजऐवजी तार जळते.

याहून छुपी चूक म्हणजे आकड्याची. लुकास कंपनीच्या जुन्या काचेच्या फ्यूजवर 35 लिहिलेलं असतं, पण तो आकडा फ्यूज कधी उडेल याचा. सतत वाहण्याची त्याची क्षमता साधारण 17 अँपियर. आजच्या फ्यूजवरचा आकडा सतत वाहण्याचा असतो. म्हणजे 35 च्या जागी आजचा 35 लावला, तर जवळपास दुप्पट करंटला तुम्ही परवानगी दिलीत.

दुरुस्ती की पूर्ण बदल?

एखादा जोड खराब असेल तर तेवढाच बदला. पण तार वाकवल्यावर आवरण तडकत असेल, आत तांबं काळं असेल किंवा चार ठिकाणी टेप गुंडाळलेली दिसत असेल, तर पूर्ण वायरिंग बदलणंच स्वस्त पडतं. आज एक जोड, उद्या दुसरा, असं करत पैसे जातात आणि धोका तसाच राहतो.

बदलताना हा क्रम ठेवा:

- बॅटरी काढा. अर्थची केबल आधी.
- प्रत्येक जोडाचा फोटो घ्या आणि प्रत्येक तारेला चिठ्ठी लावा. "लक्षात राहील" यावर विसंबू नका.
- जुना वायरिंग सेट अखंड बाहेर काढा, फळीवर पसरा आणि त्याच मापाने नवा बनवा.
- रंग तेच ठेवा. लुकास पद्धतीत तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची तार, पांढरी इग्निशनची, निळी हेडलाईटची, लाल साईड-टेल लाईटची, काळी अर्थची. पुढच्या मेकॅनिकला हीच भाषा कळते.
- घरगुती वायर वापरू नका. तिच्यात मोजक्या जाड तारा असतात, त्या धक्क्यांनी तुटतात. गाडीची वायर बारीक तारांची, ऑईल आणि उष्णता सहन करणारी हवी.
- साधारण मापं: टेल लाईटला 1, हेडलाईटला 2.5, बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य लाईनला 4 ते 6 चौरस मिलिमीटर.
- पत्र्याच्या भोकातून तार जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच.
- हेडलाईटसाठी रिले लावा. जुन्या स्विचवरचा भार जातो आणि उजेड वाढतो.

सगळं जोडल्यावर थेट बॅटरी लावू नका. आधी बॅटरीच्या लाईनमध्ये हेडलाईटचा एक बल्ब जोडा आणि सगळे स्विच बंद ठेवा. कुठे शॉर्ट असेल तर तो बल्ब लख्ख पेटेल, तार जळणार नाही.

हे काम स्वतः जमत नसेल तर गावातला ट्रॅक्टरची वायरिंग करणारा इलेक्ट्रिशियन उत्तम. या गाड्यांत कॉम्प्युटर नाही, त्यामुळे त्याला सगळं समजतं. फक्त त्याच्या हातात फोटो आणि चिठ्ठ्या द्या.

कागदाचं काय?

2021 मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी यात बसते. नंबरात "व्हीए" ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षं. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल चालत नाहीत. अशी गाडी रोज वापरता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांसाठी. म्हणून रोज फिरवायची असेल तर साधी नोंदणीच नूतनीकरण करून चालू ठेवा.

आजोबांची गाडी भंगारात द्यायची की ठेवायची, हा निर्णय घरच्यांचा. पण "वायरिंग गेली" एवढ्या कारणावरून ती देऊ नका. इंजिनच्या कामापेक्षा हे काम सोपं आहे आणि एकदा नीट केलं की पुढची कितीतरी वर्षं बघावं लागत नाही. तोपर्यंत एक मात्र आजच करा: उभ्या गाडीच्या बॅटरीची अर्थ केबल काढून ठेवा. तार उंदरानं कुरतडली तरी बॅटरीच्या करंटनं आग लागणार नाही.