चोखंदळ ट्राउट

गळ टाकून मासे धरणें हा रिकामटेकड्यांचा उद्योग, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ज्या घरांत मासे शिजत नाहींत तेथें तर या विषयाची वार्ताहि नसते. परंतु बाराव्या शतकांत कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्यानें ‘मानसोल्लास’ या आपल्या संस्कृत ग्रंथांत राजाच्या करमणुकींचें वर्णन करतांना मत्स्यविनोदासहि स्थान दिलें आहे, आणि माशांच्या जाति व त्यांना घालावयाचीं खाद्यें यांचा तपशीलवार विचार केला आहे. मासा काय खातो हें जाणण्यांतच गळाच्या विद्येचें अर्धें मर्म आहे, हें त्या राजास पुरतें ठाऊक होतें. याच प्रश्नाचा अत्यंत बारकाईनें विचार पुढें इंग्लंडमधील कांहीं नद्यांच्या कांठीं झाला. त्याची हकीकत मासे न खाणाऱ्या वाचकांसहि मनोरंजक वाटेल, अशी आम्हांस आशा आहे.

इंग्लंडच्या दक्षिणेस हॅम्पशायर परगण्यांत टेस्ट व इचेन या नद्या वाहतात. त्या भागांतील भूमि खडूची आहे. पावसाचें पाणी खडूच्या थरांत मुरतें व झऱ्यांवाटे सावकाश बाहेर पडतें. त्यामुळें या नद्यांचें पाणी काचेसारखें स्वच्छ असतें, आणि झऱ्याच्या मुखाशीं तें बारा महिने सुमारें १० अंश सेंटिग्रेड इतकें थंड असतें. अशा पाण्यांत पाणवनस्पति दाट वाढतात, त्यांच्या आश्रयानें असंख्य कीटक वाढतात, आणि त्या कीटकांवर ट्राउट नांवाचा ठिपकेदार मासा पोसला जातो. हाच मासा इंग्रजांनीं १९०० च्या सुमारास काश्मीरच्या नद्यांत आणून सोडला व तो तेथें रुजला. थंड पाण्यावांचून तो जगत नसल्यामुळें आपल्या कृष्णा-गोदावरींत त्याचें दर्शन घडत नाहीं.

ट्राउट प्रवाहाच्या उगमाकडे तोंड करून एके जागीं स्थिर राहतो, व पाणी जें वाहून आणील तें टिपतो. तेथील कीटकांत ‘केनिस’ नांवाचें एक चिलट आहे. त्याचें शरीर तीन ते पांच मिलिमीटरांहून मोठें नसतें. त्याचें बाल्य नदीच्या तळच्या गाळांत जातें. मग उन्हाळ्यांत पंख फुटून तें बाहेर पडतें, आणि कांहीं तासांतच जोडी जमविणें, अंडीं घालणें व मरणें हें सारें आटोपतें. प्रौढ दशेंत त्याला अन्न घेतांच येत नाहीं. अशीं मृतप्राय चिलटें पंख पसरून हजारोंनीं वाहूं लागलीं कीं ट्राउट पाण्यावर लहानसें वलय उमटवीत एकेक टिपूं लागतो. अशा वेळीं एखादा लठ्ठ, रसाळ कीटक त्याच्या डोक्यावरून गेला तरी तो ढुंकूनहि पाहत नाहीं. तेथील गळ टाकणारांनीं या चिलटास ‘शाप’ हेंच नांव दिलें आहे, यांत नवल नाहीं.

हा माशाचा हट्ट नव्हे, हिशेब आहे. मोठ्या कीटकासाठीं धांवावें लागतें, व तो ऐन वेळीं उडून जाण्याची भीति असते. मेलेलें चिलट पळत नाहीं. त्यांची रीघ लागली असतां जागचें न हलतां पोट भरतें. शिवाय एकाच आकाराचें व रंगाचें खाद्य वारंवार मिळत गेलें कीं दृष्टीला तेवढेंच ओळखण्याची संवय जडते. तांदूळ निवडणाऱ्या गृहिणीस जसा खडा तेवढा चटकन् दिसतो, तसेंच हें आहे.

आणखी एक गोष्ट आहे. पाण्याखालून पाहणाऱ्यास बाहेरचें जग डोक्यावरील एका वाटोळ्या खिडकींतूनच दिसतें. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळें त्या खिडकीबाहेरील पृष्ठभाग आरशासारखा होतो व त्यांत तळाचें प्रतिबिंब दिसतें. तरंगत येणाऱ्या चिलटाचे पाय या आरशास जेथें दाबतात तेथें प्रकाशाचे ठिपके चमकतात, आणि माशास प्रथम दिसतात ते हे ठिपकेच. तेव्हां पिसें व रेशीम गळावर बांधून केलेलें चिलट आपल्या तळहातावर कितीहि हुबेहूब दिसलें, तरी निर्णय देणारा खालून पाहत असतो.

या प्रश्नावरून तेथें मोठा वाद माजला. फ्रेडरिक हॅलफर्ड (१८४४–१९१४) यांनीं १८८६ मध्यें तरंगत्या चिलटांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पाण्यावर दिसणारा कीटक धरावा, त्याची नक्कल करावी, आणि ती कोरडी ठेवून पृष्ठभागावरच वाहूं द्यावी, असें त्यांचें मत. हॅलफर्ड स्वतः कीटकांचे कसून अभ्यासक होते. परंतु अनुयायांनीं त्यांच्या मताला स्मृतिवचनाची योग्यता आणली. चिलट पाण्यांत बुडविणें म्हणजे शिष्टाचाराचा भंग, असें मानलें जाऊं लागलें.

याला हरकत घेणारे जी. ई. एम. स्क्यूज (१८५८–१९४९) हे लंडनचे एक वकील होते. मासा पृष्ठभागावरचें खातो असें भासलें, तरी पुष्कळदां तो पंख फुटण्यासाठीं वर येत असलेला कीटक पाण्याखालींच टिपीत असतो, असें त्यांचें म्हणणें. हें त्यांनीं केवळ तर्कानें सांगितलें नाहीं. धरलेल्या माशाच्या पोटांतील अन्न पाणी घातलेल्या पांढऱ्या बशींत पसरून त्यांनीं तें निरखून पाहिलें, आणि जें आढळलें त्याच्या प्रतिकृति केल्या. १९१० मध्यें त्यांचें पहिलें पुस्तक निघालें. १९३८ मध्यें लंडनमधील ‘फ्लायफिशर्स क्लब’मध्यें या प्रश्नावर जाहीर वादविवाद झाला, तेव्हां ऐंशीच्या घरांत पोंचलेल्या स्क्यूज यांना आपली बाजू पुन्हां मांडावी लागली. आज त्यांची पद्धति जगभर रूढ आहे. शब्दप्रमाण आणि प्रत्यक्षप्रमाण यांचा तंटा आपल्या परिचयाचा आहे. येथें त्याचा निकाल एका बशींत लागला.

प्रत्यक्ष गळ टाकण्यांतहि हीच सूक्ष्मता लागते. गळाचा क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान. केनिससाठीं २० ते २४ क्रमांकाचे गळ वापरतात, व दोरीचें टोंक मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकें बारीक असतें. एवढें करूनहि दोरीच्या ओढीनें चिलट प्रवाहाहून किंचित वेगळ्या गतीनें सरकलें, तर मासा तें सोडून देतो. म्हणून जाणता मनुष्य गळ टाकण्यापूर्वीं बराच वेळ नुसता कांठावर बसून पाण्याकडे पाहत राहतो. धरलेला मासा पुन्हां पाण्यांत सोडून देण्याचा प्रघातहि आतां पुष्कळ वाढला आहे.

अशा पाहण्यानें दुसरीहि एक गोष्ट ध्यानांत येते. शेतांतील खतें व माती वाहून येऊन तळ गाळानें भरूं लागला, कीं अशा पुष्कळ कीटकांचीं अंडीं व बाल्यावस्था धोक्यांत येतात; म्हणून नदीचें आरोग्य पारखतांना शास्त्रज्ञ तळचे कीटक आवर्जून मोजतात. सायंकाळीं नदीवर चिलटांचा थवा दिसला तर आपण तोंडावर पदर घेतों किंवा हातानें तो वारतों. त्यांतील कांहीं चिलटें तरी नदी जिवंत असल्याची साक्ष देत असतात, एवढें ओळखलें तरी या परक्या विद्येचा आपणांस कांहीं उपयोग झाला असें म्हणतां येईल.