घरातील विजेचे चार राखणदार : भैरवगढ परिसरातील भाविकांसाठी आवश्यक माहिती



श्रीकाळभैरवाच्या सान्निध्यात, क्षिप्रेच्या काठी वसलेल्या भैरवगढातील अनेक घरे ही केवळ निवासस्थाने नाहीत. ठशांच्या छपाईचे व बाटिकचे कामही तेथेच चालते. वितळलेले मेण, रंगाची पिंपे, ओली जमीन, वाळत घातलेले कापड आणि विजेच्या तारा एकाच छताखाली नांदतात. उज्जैनच्या बाटिक छपाईला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले, ही आपणा सर्वांच्या अभिमानाची गोष्ट आहे. आता २०२८ चा सिंहस्थ समोर आहे. त्या वेळी घरोघरी पाहुणे उतरतील. कूलर, गीझर आणि पाण्याचे पंप वाढतील. शिंदेशाहीच्या काळापासून उज्जैनीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या जुन्या वाड्यांतही हीच स्थिती असेल.

या निमित्ताने घरातील वीजव्यवस्था सुधारण्याविषयी बोलू लागलो की एक प्रश्न हमखास विचारला जातो : "आमच्याकडे एमसीबी बसविलेले आहेत, मग आणखी खर्च कशासाठी?" या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच हा लेख आहे. ते थोडक्यात असे की, विजेच्या पेटीतील प्रत्येक राखणदाराला एकच काम येते. एकाचे काम दुसरा करीत नाही.

पहिला राखणदार : एमसीबी

जुन्या घरांतील चिनी मातीच्या फ्यूजच्या जागी आता एमसीबी आले आहेत. तारेतून तिच्या क्षमतेपेक्षा अधिक प्रवाह वाहू लागला किंवा शॉर्टसर्किट झाले की ते वीज तोडतात. म्हणजेच एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे.

एमसीबी तारेच्या जाडीला अनुरूप असावी लागते. घरगुती वापरात सामान्यतः दिव्यापंख्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटरची, मोठ्या प्लगसाठी २.५ ची आणि वातानुकूलन यंत्रासाठी ४ ची तांब्याची तार घालतात. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ ॲम्पिअर प्रवाह घेतो. त्याच तारेवर तेवढीच विजेची शेगडी लावली तर प्रवाह १७ ॲम्पिअरच्या पुढे जातो आणि १६ ॲम्पिअरची एमसीबी काही वेळाने पडू शकते. पुष्कळ घरांत यावर उपाय म्हणून ती काढून ३२ ॲम्पिअरची बसवितात. त्यानंतर एमसीबी पडत नाही हे खरे. परंतु भिंतीतील तार तापत राहते आणि आग तेथेच जन्म घेते. वारंवार पडणारी एमसीबी ही तक्रार नसून सूचना आहे. तिच्यावरील उपाय म्हणजे जड उपकरणासाठी स्वतंत्र तार आणि स्वतंत्र एमसीबी.

एकूण भार वाढणार असल्यास वीज वितरण कंपनीकडे अर्ज करून मंजूर भार आधी वाढवून घ्यावा व नंतरच पेटी बदलावी.

दुसरा राखणदार : आरसीसीबी

माणसाचे रक्षण करणारे उपकरण हे आहे. फेजच्या तारेने गेलेला प्रवाह न्यूट्रलने तितकाच परत येतो की नाही, यावर ते सतत लक्ष ठेवते. काही प्रवाह शरीरातून अथवा ओल्या भिंतीतून जमिनीत जाऊ लागला की दोहोंत अंतर पडते आणि सेकंदाच्या अल्पांशात वीज तुटते. घरासाठी ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी घ्यावी.

हा आकडा समजून घेण्यासारखा आहे. ७ वॅटचा एलईडी दिवा सुमारे ३० मिलिॲम्पिअर प्रवाहावर चालतो. याहून थोडा अधिक प्रवाह शरीरातून काही क्षण वाहिला तरी प्राणावर बेतू शकते. १६ ॲम्पिअरची एमसीबी मात्र याच्या पाचशेपट प्रवाह शांतपणे वाहू देते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून रंगकाम करणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने हा भेद जीवनमरणाचा आहे.

तिसरा राखणदार : एसपीडी

५ मे २०१६ रोजी सिंहस्थाच्या वेळी उज्जैनीत आलेल्या वादळी पावसात मंडप कोसळले व भाविक दगावले, हे आपणांस स्मरत असेल. अशा वादळात वीज घरावरच पडावी लागते असे नाही. दूरच्या तारेवर पडली तरी तिचा हजारो व्होल्टचा धक्का खांबाखांबांवरून घरात शिरतो. एसपीडी हा क्षणिक धक्का जमिनीकडे वळविते. घराच्या मुख्य पेटीत साधारणपणे दुसऱ्या प्रकारची, म्हणजे 'टाइप २' एसपीडी लावतात. इमारतीवर तडितरक्षक असल्यास 'टाइप १' लागते. तिच्या जोडतारा शक्य तितक्या आखूड असाव्यात. एकूण लांबी अर्ध्या मीटरपेक्षा अधिक नसणे चांगले. तिच्या खिडकीतील हिरवी खूण लाल झाली की तिचे आयुष्य संपले असे समजून ती बदलावी.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. खांबावरील न्यूट्रलची तार तुटली तर कमी भार असलेल्या घरांत २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो, आणि तो क्षणभर नव्हे तर दुरुस्ती होईपर्यंत टिकतो. एसपीडी या संकटासाठी बनविलेली नाही. अशा वेळी ती स्वतःच जळू शकते. त्यासाठी दाब मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारे निराळे उपकरण घ्यावे लागते.

चौथा राखणदार : शोधक यंत्रे

वरील उपकरणे विजेवर लक्ष ठेवतात; धूर आणि वायू त्यांना कळत नाहीत. धूरशोधक निजण्याच्या खोलीत व जिन्याजवळ छताला लावावा. स्वयंपाकघरात, मेण तापविण्याच्या जागी आणि देवघरासमोर धूरशोधक नाहक वाजतो व मग घरातील मंडळी त्याची बॅटरीच काढून ठेवतात. अशा ठिकाणी उष्णताशोधक योग्य. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड असल्याने त्याचा शोधक जमिनीपासून फूटभर उंचीवर असावा. नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने त्याचा शोधक छताजवळ असावा. न्हाणीघरात गॅसचा गीझर असल्यास कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. या वायूला रंग नाही, वासही नाही. म्हणून गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवावा आणि शोधकही लावावा.

मेणाने पेट घेतल्यास त्यावर पाणी कदापि टाकू नये. शेगडी बंद करून भांड्यावर घट्ट झाकण ठेवावे.

सर्वांचा आधार : अर्थिंग

एसपीडी आपला धक्का जमिनीत सोडते. तो मार्गच नसेल तर ती केवळ शोभेची वस्तू ठरते. उपकरणाच्या धातूच्या अंगावर वीज उतरली, तर अर्थिंग असताना आरसीसीबी त्याच क्षणी पडते. नसेल तर कोणाचा तरी हात लागेपर्यंत ती थांबते. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात कोरडी होऊन भेगाळते व अर्थिंगचा रोध वाढतो. यास्तव उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात नियमितपणे पाणी घालावे.

आमची विनंती

खर्च एकदम झेपत नसल्यास आधी अर्थिंग व आरसीसीबी, मग जड उपकरणांच्या स्वतंत्र तारा, त्यानंतर शोधक व एसपीडी असा क्रम ठेवावा. जीव आधी, वस्तू नंतर. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवून घ्यावे आणि अर्थिंगचा रोध व तारांचे इन्सुलेशन यांच्या चाचणीचा अहवाल लेखी मागून घ्यावा.

ज्यांच्याकडे आरसीसीबी आहे त्यांनी आजच तिच्यावरील चाचणीचे बटण दाबून पाहावे. वीज तत्काळ गेली तर आतील यंत्रणा जागी आहे. गेली नाही तर ती बदलून घेण्यास एक दिवसही लावू नये. दर महिन्याच्या पौर्णिमेस हे बटण दाबण्याचा परिपाठ ठेवल्यास विस्मरण होणार नाही.



विश्वस्त मंडळ