पाण्याला वाट ठेवणारा रस्ता

धरमतर खाडीच्या काठाने पेण-अलिबागचा खारेपाट पसरला आहे. अशा खाडीकाठच्या गावाचा रस्ता पावसाळ्यात बुडाला की पहिली मागणी येते, भराव टाकून उंच करा. मागणी रास्त आहे, पण अर्धीच. उंच रस्ता म्हणजे शेत आणि खाडी यांच्यामध्ये घातलेला बांधच. त्यातून पाण्याला वाट ठेवली नाही तर गावाचं पाणी गावात कोंडतं आणि शेवटी तोच भराव फोडून निघून जातं.

म्हणून पहिलं काम पूरपातळी शोधण्याचं. इथे पाणी दोन बाजूंनी येतं, डोंगराकडून पावसाचं आणि खाडीकडून भरतीचं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात दोन्ही एकाच वेळी आली आणि वाशिष्ठी नदीच्या पाण्याला उतरायला जागा उरली नाही. रस्त्याच्या थरांखालची दाबून बसवलेली माती, म्हणजे सबग्रेड, तिचा तळ पूरपातळीच्या किमान ०.६ मीटर वर ठेवायचा असतो. माती खालचं पाणी वर शोषून घेते, आणि भिजलेली माती ट्रकच्या चाकाखाली दबून पसरते.

पुढची अडचण जमिनीची. खाडीकाठी खाली मऊ चिकण असते. मुरूम घनमीटरला साधारण दोन टन भरतो, तेव्हा दोन मीटर भराव प्रत्येक चौरस मीटरवर चार टन ओझं टाकतो. एवढं ओझं एकदम आलं की चिकण बाजूंनी फुगते आणि भराव खचतो. त्यामुळे आधी मजबूत कापड, म्हणजे जिओटेक्स्टाइल, अंथरतात, वर वाळूचा थर देतात आणि मुरूम पातळ थरांनी, रोलर फिरवत चढवतात. मध्ये काही महिने थांबावं लागतं, कारण चिकणीतलं पाणी दाबाखाली हळूहळूच निघतं. ही थांबण्याची मुदत घाईत गिळली की पुढच्याच पावसात रस्त्यावर लाटा दिसतात.

आता मोऱ्या. माझ्या मते सगळ्या कामाचा जीव इथे आहे. साध्या ओढ्यावरची मोरी चोवीस तास वाहते, खाडीवरची तशी वाहत नाही. भरती साधारण साडेबारा तासांनी परत येते आणि तिच्या वेळी खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून तोंड बंद ठेवावं लागतं. जुन्या खारबंदिस्तीतली, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधातली, उघाडी हेच करते. खाडीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने झडप मिटते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. गोव्यातल्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतात, याच रचनेला मानस म्हणतात. म्हणजे बारा तासांत साठलेलं पावसाचं पाणी ओहोटीच्या पाच-सहा तासांत निघून गेलं पाहिजे, आणि मोरीचं तोंड त्या हिशेबाने रुंद हवं. ओढ्याचा हिशेब इथे लावला तर मोरी अपुरीच पडते.

तरीही एखाद्या वर्षी पाणी रस्त्यावरून जाणारच. ते कुठून जावं हे आपण ठरवायचं. ठरावीक टप्प्यात रस्ता मुद्दाम थोडा खाली ठेवून काँक्रीटची फरशी करतात आणि कडेला खोली दाखवणारे खांब रोवतात. पाणी रस्ता ओलांडून पलीकडे पडतं तिथेच पोखरायला लागतं, म्हणून दगडी पिचिंग दोन्ही उतारांवर हवं, पडत्या बाजूला जास्त. ओहोटी लागली की भरावाच्या आत मुरलेलं पाणी माती घेऊन बाहेर येतं, तेव्हा दगडांखाली गाळणीसारखा खडीचा थर देतात.

सिमेंटचं काम वेगळी काळजी मागतं. मिठाने आतली सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट फुटतं. म्हणून सळईवर जाड आवरण ठेवतात आणि मिश्रणाला गोडंच पाणी वापरतात. कडेची कांदळवनं तोडू नयेत. ती लाटांचा जोर मोडतात, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाप्रमाणे सार्वजनिक कामासाठीसुद्धा ती तोडायला न्यायालयाची परवानगी लागते.

तुमच्या गावच्या रस्त्याचं काम निघालं तर ग्रामसभेत उंचीबरोबर मोऱ्या किती, कुठे आणि किती रुंद, हेही विचारा. मोठ्या पुरात पाणी कोणाच्या ओटीपर्यंत आलं होतं ते आठवणारी म्हातारी माणसं मोजणीच्या दिवशी इंजिनिअरबरोबर पाठवा.